मंचर ते मंचुरिया: एका फसलेल्या जेवणामागचा इतिहास

(एपिसोडचा लिखित मजकूर)

आजचा एपिसोड रिकाम्या पोटी ऐकू नका, त्रास होईल. कारण आज आपण खाण्याबद्दल बोलणार आहोत, आणि खाण्यामागच्या इतिहासाबद्दल. ज्यांना बसमध्ये हेडफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं लिहूनही टाकतोय.

तर झालं असं. मागच्या महिन्यात आई-आप्पा गावाहून, म्हणजे मंचरच्या बाजूने, पुण्यात आले होते. माझं अप्रेझल नुकतंच झालेलं. म्हटलं, चला, यांना जरा वेगळं काहीतरी खाऊ घालू. म्हणून एका स्टायलिश 'एशियन' रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलं. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका जागेचा नाहीच. अशी ठिकाणं तुम्हीही पाहिली असतील. बांबूचे दिवे, काळ्या दगडासारख्या प्लेट, भिंतीवर मोठा सोनेरी मासा, आणि मेनू कार्डवर जपान, चीन, थायलंड, कोरिया, व्हिएतनाम असे पाच देश एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदतायत.

जेवण सपशेल फसलं. बाओ कोमट होते. रामेनचं सूप टेबलावर येईपर्यंत गार झालं होतं. थाय करी इतकी गोड की आईला वाटलं शेवटचा गोड पदार्थ आधीच आणला. मग आलं 'एशियन स्लॉ'. साडेचारशे रुपये. आप्पांनी काट्याने थोडं बाजूला केलं, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आरं, ह्यो तर आपला कोबीच हाय की." त्याच आठवड्यात त्यांनी मंचरच्या बाजारात कोबी दिला होता. किलोला चार रुपये भाव मिळाला होता. बिल आल्यावर ते काहीच बोलले नाहीत. बाहेर पडल्यावर आईनं हळूच विचारलं, "इथं कुठं भाकरी मिळंल का रे?"

हे मी ऑफिसात सांगितलं तर प्रत्येकाकडे कारण तयार. एक म्हणाला, महाग होतं म्हणून खटकलं. दुसरी म्हणाली, अरे गावाकडच्या माणसांना परदेशी चव कशी आवडेल? तिसरा आमचा फूडी. तो म्हणाला, ते ऑथेंटिक नव्हतं, हाच प्रॉब्लेम. आता आमच्या धंद्यात सिस्टिम कोसळली की आम्ही रूट कॉज काढतो. आधी सुचलेलं कारण बहुतेक वेळा चुकीचं निघतं. म्हणून म्हटलं, या जेवणाचा रूट कॉजही काढू. आणि शोधता शोधता मी थेट जुन्नरच्या लेण्यांत जाऊन पोचलो.

पहिल्यांदा ते 'परदेशी चव गावाकडे चालत नाही' प्रकरण घेऊ.

जुन्नर म्हणजे काही जगापासून तुटलेलं गाव नव्हतं. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांतून माल घाटावर यायचा तो नाणेघाटातून. खाली कल्याण, वर जुन्नर, पुढे पैठण. घाटाच्या तोंडाशी जी गुहा आहे तिथे सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलाय. त्यात कुठले यज्ञ केले, किती गाई दिल्या, किती घोडे, किती कार्षापण नाणी, सगळा हिशोब आकड्यांत दिलाय. हे आकडे भारतातल्या सगळ्यात जुन्या लिखित आकड्यांपैकी आहेत. थोडक्यात, आपल्या तालुक्याचं सगळ्यात जुनं बिल आजही भिंतीवर वाचता येतं. शेजारी मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असं आपण लहानपणी सहलीला गेल्यापासून ऐकत आलोय.

त्या काळी समुद्रातून काय काय फिरायचं? पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं छोटं पुस्तक आहे. त्यात आपलं कल्याण आहे, पैठण आहे, भडोच आहे. आणि चीनमधलं रेशीम जमिनीवरून भडोचपर्यंत यायचं हेही आहे. म्हणजे चीनचा माल आपल्या किनाऱ्याला तेव्हापासून ओळखीचा. पुढे आपल्या भाषेतही चीन येऊन बसला. 'चिनी माती' घ्या. मसाल्याच्या डब्यातली 'दालचिनी' घ्या, हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा अर्थ 'चीनचं लाकूड'. आजीच्या डब्यात चीन होता, फक्त त्याला कोणी 'एशियन' म्हणत नव्हतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेच्या वर लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी. भिक्षूंसाठी कोरलेली ही लेणी. ती कोणाच्या पैशातून झाली ते शिलालेखांत लिहिलंय. त्यात तीन दाते स्वतःला 'यवन' म्हणवतात. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक, किंवा एकूणच पश्चिमेकडून आलेले लोक. इरिला नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली. चंद नावाच्या यवनानं लेण्याचा दर्शनी भाग दिला. आणि चिट नावाच्या यवनानं संघाला काय दिलं माहितीये? भोजनमंडप. जेवणाची खोली!

हे वाचून मी खुर्चीतच सरळ बसलो. म्हणजे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरमध्ये कोणीतरी बाहेरून आलेला माणूस इथल्या लोकांना जेवायला जागा करून देतो, आणि दगडावर आपलं नाव कोरतो.

आता यातली आणखी एक गंमत. 'यवन' हा शब्द आला 'आयोनिया'वरून. आयोनिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा. आणि 'आशिया' हे नाव ग्रीकांनी सुरुवातीला दिलं ते त्याच बाजूच्या जमिनीला. नंतर ते ताणत ताणत जपानपर्यंत गेलं. म्हणजे शब्दाच्या मुळाशी गेलं तर 'एशियन'मध्ये तुर्कस्तान आधी येतो, जपान नंतर. आणि त्या मेनू कार्डवर ना तुर्कस्तान होता, ना आपण. जुन्नर आशियातच आहे ना? पण 'एशियन' म्हटल्यावर मासवडी कोणाच्या डोक्यात येते? हा प्रश्न बाजूला ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता तो कोबी.

आप्पांचा कोबी 'आपला' कधीपासून झाला? कोबी युरोपियन लोकांबरोबर आला. बटाटा, टोमॅटो, मका, ढोबळी मिरची आणि आपली रोजची तिखट मिरची हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही मंडळी हळूहळू इकडे पोचली. सातवाहनांच्या काळात जुन्नरमध्ये मिरचीचा ठेचा नव्हता हे पचवायला जड जातं, पण नव्हता. झणझणीतपणासाठी मिरी होती, आलं होतं. आज नारायणगावच्या टोमॅटो मार्केटचं नाव सगळ्या देशात आहे, पण टोमॅटो हा आपल्याकडचा बऱ्यापैकी नवा पाहुणा आहे.

आणि ही परदेशी झाडं इथे आपोआप रुजली नाहीत. कोणीतरी ती लावून पाहिली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारच्या दोन बागा होत्या. एक पुण्याजवळ दापोडीला आणि एक आपल्या जुन्नर भागातल्या हिवऱ्याला. त्यांचं काम पाहायचे डॉ. अलेक्झांडर गिब्सन, जे पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले.

त्याच काळात महाबळेश्वरला काय चाललं होतं बघा. १८३४ च्या सुमारास तिथे एक तुरुंग बांधला. कैदी कोण, तर सिंगापूर-पेनांगकडून आणलेले चिनी आणि मलय लोक. शिक्षा म्हणून समुद्रापार पाठवलेले. त्यांना तिथल्या बागांत कामाला लावलं. त्यांनी बटाटा आणि इंग्लिश भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणायचं काम तिथे रुजवलं. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. आज महाबळेश्वरला गेलात तर 'चायनामन फॉल' नावाचा धबधबा दाखवतात. ते नाव त्या माणसांचं. बेड्या घालून आणलेल्या चिनी माळ्यांचं. आपण तिथे सेल्फी काढतो आणि पुढे जातो.

मग सांगा, त्या साडेचारशेच्या स्लॉमध्ये 'परदेशी' काय होतं आणि 'आपलं' काय होतं? परदेशी आहे म्हणून आई-आप्पांना आवडलं नाही, हे कारण इथेच बाद होतं. आमच्या घरचा ठेचासुद्धा त्या हिशोबाने परदेशी आहे.

आता वळू फूडी मित्राकडे. 'ऑथेंटिक नव्हतं.'

यासाठी आपल्याला मंचुरियनकडे जावं लागेल. (मंचरचा माणूस मंचुरियनवर बोलतोय, कॉलेजमध्ये या विनोदानं मला चार वर्षं छळलंय, त्यामुळे कमेंटमध्ये परत नको.) मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा थंड प्रदेश. तिथे जाऊन मंचुरियन मागितलं तर कोणालाच काही कळणार नाही. कारण हा पदार्थ जन्मला मुंबईत.

गोष्ट १९७५ ची. चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वांग नावाचे शेफ काम करत होते. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे भारतीय. त्यांनीच सांगितलेली हकिकत अशी की एकदा गिऱ्हाइकांनी मेनूवर नसलेलं काहीतरी नवीन मागितलं. त्यांनी सुरुवात केली ती आपल्याकडच्या कुठल्याही रश्शासारखी, लसूण, आलं, हिरवी मिरची बारीक चिरून. पण पुढे गरम मसाला टाकायच्या जागी टाकला सोया सॉस, आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर. त्यात तळलेलं चिकन सोडलं. झालं चिकन मंचुरियन. पुढे चिकनच्या जागी कोबी-फ्लॉवर गेला आणि शाकाहारी घरांची चायनीजशी सोयरीक जुळली. वांग यांनी नंतर मुंबईत 'चायना गार्डन' काढलं आणि नाव कमावलं.

आता ही रेसिपी नीट ऐका. मिरची अमेरिकेची. मका अमेरिकेचा. सोया सॉस चीनचा. फोडणीची पद्धत आपली. नाव अशा प्रदेशाचं ज्याचा काही संबंध नाही. ऑथेंटिकच्या परीक्षेत हा पदार्थ शून्य मार्कांनी नापास. आणि तरी मंचरच्या, नारायणगावच्या, घोडेगावच्या स्टँडवर संध्याकाळी सातला जाऊन बघा, लाल कापड लावलेल्या गाडीभोवती उभं राहायला जागा नसते.

'शेजवान'चंही तसंच. चीनमध्ये सिचुआन नावाचा प्रांत आहे, त्याच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगचा आपण केलेला उच्चार म्हणजे शेजवान. मुंबईच्या ताज हॉटेलातल्या 'गोल्डन ड्रॅगन'नं १९७० च्या दशकात सिचुआनची तिखट चव आपल्याकडे आणली. खऱ्या सिचुआन जेवणाची खूण म्हणजे एक दाणा, जो चावला की जिभेला मुंग्या येतात. आपल्या शेजवान चटणीत तो दाणा जवळपास नसतोच. लाल मिरची आणि लसूण, बस. आणि तो दाणा कोणाचा भाऊबंद आहे? कोकणात बांगड्याच्या आमटीत जे तिरफळ घालतात ना, त्याचा! दोघं एकाच कुळातली झाडं. म्हणजे नाणेघाट उतरून कोकणात गेलं तर सिचुआनची ती झिणझिण आधीपासून तिथल्या आमटीत होती. आपण मात्र सिचुआनचं नाव घेतलं आणि चव आपल्या लसणाच्या चटणीची ठेवली.

आणि ज्यांना वाटतं की अस्सलपणा फक्त आपल्याकडे बिघडतो, त्यांच्यासाठी. सिचुआनमध्येही मिरची अमेरिकेहूनच आली. रामेन आज जपानची शान आहे, पण ते मूळचे चिनी शेवयांचे वंशज. आणि सुशी, जी पाहून आई म्हणाली "भात कच्च्या माशासंगं कोण खातं", तो भातावर माशाचा तुकडा ठेवायचा प्रकार एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरच्या टपऱ्यांवर उभ्या उभ्या खायचा पदार्थ होता. म्हणजे त्यांची हातगाडी. कामावरून जाता-येता माणूस दोन घास खायचा आणि निघायचा.

तेव्हा ऑथेंटिकचं कारणही बाद. कुठलाच पदार्थ एका जागी थांबलेला नाही.

पण मंचुरियनची गोष्ट इथे संपवली तर ती फक्त मजेशीर किस्सा होऊन राहील. तो पदार्थ ज्या लोकांच्या हातून आला, त्यांच्यावर काय गुदरलं ते सांगायला हवं. हा एपिसोड खरं तर त्यासाठी केलाय.

नेल्सन वांग कोलकात्याचे का? कारण भारतातल्या चिनी वस्तीची सुरुवात तिथली. अठराव्या शतकाच्या शेवटी टाँग अछ्यू नावाचा चिनी माणूस बंगालमध्ये आला. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जकडून त्याला हुगळीकाठी जमीन मिळाली, तिथे त्यानं साखरेचा कारखाना काढला. त्या जागेला आजही अछिपूर म्हणतात. मग चिनी लोक येत राहिले. कोणी सुतार, कोणी दातांचे डॉक्टर, कोणी चामडं कमावणारे, कोणी चपला-बूट शिवणारे. यातला मोठा गट हक्का लोकांचा. हो, तेच, हक्का नूडल्सवाले. 'हक्का' या शब्दाचा अर्थच 'पाहुण्यांची घरं' असा आहे. चीनमध्येही हे लोक उत्तरेकडून दक्षिणेला सरकत आलेले, म्हणून तिथल्या जुन्या रहिवाशांनी दिलेलं हे नाव. घरातही पाहुणे, परदेशातही पाहुणे.

मुंबईतही वस्ती झाली. गोदीमुळे चिनी खलाशी माझगावात आले. तिथे १९१९ मधलं छोटं चिनी मंदिर आजही आहे.

मग आलं १९६२. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनशी युद्ध झालं, आपण हरलो, देश दुखावला. आणि राग निघाला तो आपल्याच चिनी शेजाऱ्यांवर. कायदे बदलले. आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडून चिनी वंशाच्या कुटुंबांना उचलून रेल्वेनं राजस्थानातल्या देवळीला नेलं. तिथे दुसऱ्या महायुद्धातली युद्धकैद्यांची छावणी होती, त्यात ठेवलं. सुमारे ३,००० माणसं. त्यात म्हातारे होते, लहान पोरं होती, भारतात जन्मलेले आणि चीन कधी न पाहिलेले होते. खटला नाही, आरोप नाही. काहींना चीनला पाठवून दिलं. शेवटचे लोक सुटले १९६७ मध्ये. परत आले तर घर, दुकान दुसऱ्याच्या ताब्यात.

जे पकडले गेले नाहीत त्यांच्यावरही पाळत होती, फिरण्यावर बंधनं होती. अनेक कुटुंबं कॅनडाला निघून गेली. जे राहिले त्यांच्यापुढे मोजकीच कामं उरली, आणि त्यातलं एक होतं स्वयंपाकघर. कोलकात्याच्या टांग्रा भागात चामड्याचे कारखाने होते. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रदूषणामुळे ते हलवायला सांगितले, तेव्हा कित्येक कारखान्यांच्या जागी हॉटेलं उभी राहिली.

जरा हिशोब लावून बघा. देवळीची छावणी रिकामी झाली १९६७ ला. मंचुरियन जन्मलं १९७५ ला. मध्ये फक्त आठ वर्षं. ज्या समाजाला 'तुम्ही आमचे नाही' असं सांगितलं, त्याच समाजातला एक माणूस आठ वर्षांनी समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला विचारतो, तुम्हाला काय आवडेल? आणि त्याच्या जिभेला ओळखीचं वाटेल असं काहीतरी बनवून देतो.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले. त्यानंतर लगेच केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थांवर बहिष्कार घाला, ते विकणारी हॉटेलं बंद करा, असं आवाहन केलं. जवानांचं दुःख खरं होतं, राग समजण्यासारखा होता. पण विचार करा, ती गाडी बंद झाली असती तर नुकसान कोणाचं झालं असतं? कढईमागे उभा असलेला नेपाळचा नाहीतर आपल्याच गावचा पोरगा. त्याला कांद्याची पात, ढोबळी मिरची आणि कोबी देणारा आंबेगाव-जुन्नरचा शेतकरी. बीजिंगला त्याची खबरसुद्धा लागली नसती.

हं. तर आता आपल्या रूट कॉजकडे.

महाग होतं म्हणून? पण आप्पा लग्नात मानपानावर याहून जास्त खर्च करतात आणि चेहऱ्यावर समाधान असतं. परदेशी होतं म्हणून? नाही. ऑथेंटिक नव्हतं म्हणून? तेही नाही. माझं उत्तर असं आहे: त्या स्वयंपाकघरात कोणी समोरच्या माणसासाठी शिजवतच नव्हतं.

मंचुरियन चाललं कारण वांग यांनी टेबलावर कोण बसलंय ते पाहिलं. गाडीवरचा पोरगा अजूनही विचारतो, "दादा, तिखट करू का मीडियम?" एदोच्या टपरीवाल्याला माहीत होतं की गिऱ्हाईक घाईत आहे. हे सगळे पदार्थ ऐकण्यातून बनले. आणि ते 'एशियन' रेस्टॉरंट? पाच देश एका पानात कोंबले की कुठल्याच देशाचं ऐकावं लागत नाही. जपानचं स्वयंपाकघर वेगळं, थायलंडचं वेगळं. त्या सगळ्यांना 'एशियन' म्हणणं म्हणजे कोल्हापूर, नागपूर, मालवण आणि सोलापूरच्या जेवणाला एकच 'महाराष्ट्रीयन करी' म्हणण्यासारखं. मेनू फोटोसाठी ठरवलेला, प्लेट फोटोसाठी ठरवलेली. सूप गार झालं तरी फोटोत कळत नाही. आई-आप्पा तिथे दीड तास बसले, पण त्यांना कोणी एकदाही विचारलं नाही की तुम्हाला काय चालेल.

उलट उदाहरणही आहे. पाच देश न करता एकच गोष्ट नीट करणारी, टेबलाशी येऊन विचारणारी छोटी ठिकाणं पुण्यात आहेत. तिथे बांबूचे दिवे असले तरी माझी हरकत नाही.

आता मघाशी बाजूला ठेवलेली मासवडी. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, ही आमच्या जुन्नर-आंबेगावची शान. बेसन पिठल्यासारखं घट्ट शिजवायचं, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, मध्ये तीळ, खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबिरीचं भाजलेलं सारण भरायचं, फडक्यानंच वळून तिला तिकोनी आकार द्यायचा आणि वड्या कापायच्या. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. आणि मासवडीत मासा नसतो! दिसायला माशाच्या तुकडीसारखी, आतून पूर्ण शाकाहारी. मंचुरियनमध्ये मंचुरिया नाही, मासवडीत मासा नाही. दोन्ही नावं चकवणारी, पण दोन्ही पदार्थांना आपलं गिऱ्हाईक बरोबर माहितीये. गरम बेसन हातानं थापताना चटके बसतात, तरी घरोघरी बाया पाहुण्यांसाठी हा घाट घालतात. कारण पाहुणा येणार आहे.

हीच मासवडी उद्या कोणी काळ्या प्लेटवर तीन तुकडे ठेवून, रस्सा ठिपक्यांसारखा लावून, सहाशे रुपयांना विकली तर? ती पदार्थ म्हणून ऑथेंटिक असेल, आमच्याच तालुक्यातली असेल, तरी फसेल. भाकरी कुस्करायला रस्साच नसेल तर कसलं जेवण?

म्हणून माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी चायनीजच्या गाडीवर उभे असाल तेव्हा कढईमागच्या दादाला विचारा, तुम्ही कुठले? कुठे शिकलात? मी गेल्या काही आठवड्यांत विचारतोय, आणि दर वेळी वेगळी गोष्ट निघते. कोणी दार्जिलिंगचा, कोणी नेपाळचा, आणि एक तर चक्क आमच्याच शेजारच्या वाडीचा, मुंबईत चार वर्षं हॉटेलात राबून परत आलेला. कोबी तो मंचरच्या बाजारातूनच घेतो. भाव विचारला तर म्हणाला, "शेतकऱ्याशी काय घासाघीस करायची, माझा बाप पण तेच करतो."

आणि जुन्नरला गेलात तर शिवनेरी, लेण्याद्री बघालच. थोडा वेळ जास्त काढा आणि लेण्यांतले शिलालेख शोधा. गाईडला विचारा, यवनांचे लेख कुठे आहेत. चिट नावाच्या त्या माणसाबद्दल आपल्याला त्या एका ओळीपलीकडे काहीच माहीत नाही. तो व्यापारी होता का, कुठून आला, परत गेला का, काही नाही. त्याला मागे एवढंच ठेवावंसं वाटलं की इथल्या लोकांना बसून जेवायला एक जागा असावी.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावातल्या चायनीजच्या गाडीचं नाव काय आणि तिथे काय मस्त मिळतं ते कमेंटमध्ये लिहा. आमच्याकडच्या एका गाडीवर 'चायनिज' एका बाजूला ऱ्हस्व आणि दुसऱ्या बाजूला दीर्घ लिहिलंय, त्याचा फोटो खाली टाकतोय. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. जेवून घ्या!